जुन्या ९११ चं ऑइल पुन्हा पुन्हा गळतंय? कूलर बदलण्याआधी हे करून बघा

इंजिन गाडीच्या शेपटाशी आणि ऑइलचा डाग पुढच्या उजव्या चाकाजवळ. एअर-कूल्ड पोर्शे ९११ नवीनच घेतलेला माणूस हा डाग बघून आधी ब्रेक ऑइल समजतो. मग बोटाला लावून वास घेतो आणि त्याचा चेहरा उतरतो. माझाही उतरला होता. माझी गाडी १९८२ ची ९११ एससी. तिचा पुढचा ऑइल कूलर एकाच जागी दोनदा गळला, दोनदा दुरुस्त झाला. तिसऱ्यांदा गळला तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की दुखणं कूलरचं नव्हतंच.

खालचं सगळं एससी (१९७८ ते १९८३) आणि कॅरेरा ३.२ (१९८४ ते १९८९) या गाड्या डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय. त्याच्या आगेमागच्या एअर-कूल्ड ९११ मध्ये तत्त्व साधारण हेच, पण काही भाग आणि त्यांच्या जागा वेगळ्या.

ऑइल फिरतं कसं, हे आधी डोक्यात बसवा

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी सोडू नका. गळती शोधायची निम्मी युक्ती यातच आहे.

या गाडीत ऑइल इंजिनच्या तळाशी साठत नाही. उजव्या मागच्या चाकाच्या मागे एक वेगळी टाकी असते, त्यात साठतं. टाकी, इंजिन, नळ्या, कूलर सगळं धरून सुमारे १३ लिटर ऑइल गाडीत असतं. म्हणजे हे नावापुरतं एअर-कूल्ड इंजिन, निम्मं काम ऑइलच करतं.

इंजिनात दोन पंप असतात. एक दाबाचा. तो टाकीतून ऑइल ओढून बेअरिंगांकडे ढकलतो, आणि गरम झालेलं ऑइल वाटेत इंजिनाच्याच अंगावर बसवलेल्या कूलरमधून जातं. तिथला थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार ऑइलची वाट बदलणारा व्हॉल्व्ह, हा पहिला. दुसरा परतीचा पंप. तो इंजिनच्या तळाशी जमलेलं ऑइल उपसून टाकीकडे परत पाठवतो. ही परतीची वाट उजव्या मागच्या चाकाच्या कमानीत असलेल्या दुसऱ्या थर्मोस्टॅटमधून जाते. ऑइल थंड असेल तर थर्मोस्टॅट ते सरळ टाकीत सोडतो. सुमारे ८५ अंशांच्या पुढे गेलं की उजव्या उंबऱ्याखालून (दाराखालच्या पत्र्याखालून) जाणाऱ्या लांब नळ्यांमधून पुढच्या उजव्या मडगार्डातल्या कूलरकडे पाठवतो, आणि तिथून ते थंड होऊन टाकीत येतं.

म्हणजे कूलर दोन, थर्मोस्टॅट दोन आणि दाबही दोन प्रकारचे. इंजिनवरचा कूलर पूर्ण दाबाखाली असतो, थंड इंजिन चालू केल्यावर ४-५ बारसुद्धा. पुढचा कूलर परतीच्या वाटेवर, तिथे दाब बराच कमी.

आता यातून काय निघतं ते बघा. इंजिनवरचा कूलर किंवा त्याची सील गळत असतील तर गळती आरपीएमबरोबर वाढते. पुढचा कूलर गळत असेल तर पहिली दहा-पंधरा मिनिटं काहीच दिसत नाही, कारण थर्मोस्टॅट उघडेपर्यंत तिथे ताजं ऑइल पोचतच नाही. म्हणूनच “गॅरेजमध्ये अर्धा तास चालू ठेवली, एक थेंब नाही, आणि घरी आल्यावर डाग” हा अनुभव येतो. उभ्या गाडीत नुसत्या आयडलवर ऑइल तापायलाच फार वेळ लागतो. आणि इंजिन बंद असताना, रात्रभर उभी असतानाच डाग पडत असेल, तर लगेच कूलरवर संशय घेऊ नका. टाकी, टाकीपासून इंजिनकडे येणारी एस आकाराची जाड नळी आणि तिचे क्लॅम्प आधी बघा, कारण उभ्या गाडीत टाकीतल्या ऑइलचं वजन त्यांच्यावरच असतं.

गळतीच्या नावाखाली न गळणारं ऑइल

एक प्रकार गळती नसतोच. या गाड्यांमध्ये ऑइल मोजायची रीत वेगळी आहे: इंजिन पूर्ण गरम, सपाट जमीन, इंजिन आयडलवर चालू, आणि मग टाकीची डिपस्टिक. बंद थंड इंजिनवर बघितलं तर ऑइल कमी दिसतं, कारण त्यातलं बरंचसं झिरपून इंजिनच्या तळाशी गेलेलं असतं. नवीन मालक घाबरून एक लिटर ओततो. पुढच्या फेरीत टाकी तुडुंब भरते, जास्तीचं ऑइल ब्रीदरमधून (आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या वाटेतून) एअर फिल्टरच्या डब्यात जातं, तिथून ठिबकतं, निळा धूर येतो, आणि “कूलर फुटला” अशी बोंब होते. डॅशबोर्डवरच्या ऑइल लेव्हलच्या काट्याचंही तेच. गाडी पळताना तो शून्यावर पडतो आणि पडणारच. तो फक्त गरम आयडलवर, सपाट जागी खरं बोलतो.

तेव्हा आधी लेव्हल बरोबर करा. जास्त असेल तर काढा. मग गळती शोधायला बसा.

धुवा, पावडर मारा, पळवा

ऑइल जिथे दिसतं तिथून ते आलेलं नसतं. एअर-कूल्ड ९११ मध्ये हे जास्तच खरं, कारण इंजिनचा पंखा वरून खाली एवढ्या जोराने हवा ढकलतो की वर सुटलेला एक थेंब सिलिंडरांवर, एक्झॉस्टवर, पत्र्यावर सगळीकडे पसरतो. पुढच्या बाजूला तेच काम रस्त्याचा वारा करतो. उंबऱ्याखालच्या नळीच्या एका सांध्यातून सुटलेलं ऑइल वाऱ्याने मागे जाऊन मागच्या चाकाची आतली बाजू माखतं. मग थर्मोस्टॅट बदलला जातो आणि गळती होती तिथेच राहते.

म्हणून गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) नीट उभी करा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. उजव्या बाजूच्या नळ्या, सांधे, थर्मोस्टॅट, टाकीचा तळ, पुढचा कूलर सगळं डिग्रीझरने धुऊन चिंधीने कोरडं करा. इंजिनच्या वरच्या भागात पाणी मारायचा मोह टाळा, तिथे ब्रश आणि चिंधीच बरी. कोरडं झालं की संशयाच्या जागांवर पांढरी टाल्कम पावडर भुरभुरा किंवा पायाला मारायचा पावडरचा स्प्रे मारा. पांढऱ्यावर ऑइलची पहिली रेघ डोळ्यात भरते.

मग गाडी २५-३० मिनिटं रस्त्यावर पळवा, ऑइल ९० अंशांच्या आसपास गेलं पाहिजे. परत येताच पुढच्या कूलरला हाताचा मागचा भाग हलकेच टेकवून बघा. तो गरम असेल तर थर्मोस्टॅट उघडलाय. थंडच असेल तर आजची तपासणी फुकट गेली, आणि थर्मोस्टॅट अडकलेला असण्याची शक्यता तेवढी लिहून ठेवा. लगेच टॉर्च घेऊन खाली बघा, मग तासाभराने, मग दुसऱ्या दिवशी सकाळी. तिन्ही वेळा काय दिसलं ते वेगवेगळं लिहून ठेवा. गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरून त्यावर चारही चाकांच्या जागा खुणा करून ठेवल्या की सकाळी थेंब नेमका कशाखाली पडला ते कळतं.

पावडरने भागलं नाही तर अल्ट्राव्हायोलेट डाय. ऑइलमध्ये घालायची, थोडं चालवायचं आणि काळोखात दिव्याने बघायचं. गळती पिवळ्या-हिरव्या रंगात चमकते. इथे एक फसगत होते: बाटलीवर लिहिलेलं प्रमाण साध्या गाडीच्या चार-पाच लिटर ऑइलसाठी असतं. आपल्याकडे १३ लिटर आहे. एका बाटलीत चमक इतकी फिकी येते की डाय खराब निघाली असं वाटतं.

डाग कुठे आहे त्यावरून

पुढच्या उजव्या चाकाच्या पुढे ओलं असेल तर सरळ हिशोब. या गाड्यांत पॉवर स्टिअरिंग नाही, रेडिएटर नाही. पुढे इंजिन ऑइल नेणारी एकच गोष्ट आहे, कूलर आणि त्याच्या नळ्या. पण वास घेऊन खात्री करा. ब्रेक ऑइल पातळ असतं आणि रंग उठवतं. ते असेल तर गाडी हलवूच नका.

उजव्या उंबऱ्याखाली ओलं असेल तर नळ्या बघा, आणि आधी चेपलेल्या जागा शोधा. या नळ्या उंबऱ्याखाली उघड्यावरून जातात आणि लिफ्टचा हात चुकीच्या जागी लागला की पहिल्यांदा त्यांचाच बळी जातो. मी अशी नळी पाहिली आहे जी बाहेरून फक्त थोडी सपाट वाटत होती, आत निम्मी वाट बंद. ती स्वतः गळत नव्हती. तिच्यामुळे वाढलेला दाब तिच्या अलीकडच्या सांध्यातून ऑइल काढत होता, आणि सांधा मात्र तीनदा आवळून झाला होता. धातूच्या नळीला रबरी नळी जिथे दाबून बसवलेली असते, तो कॉलरही हाताने चाचपा. रबर जुनं झालं की बाहेरून कोरडं ठणठणीत दिसतं आणि ऑइल आतल्या आत सरकत त्या कॉलरच्या कडेतून येतं. तिथे क्लॅम्प आवळून काही होत नाही. नळी बदलायची किंवा हायड्रॉलिक नळ्यांचं काम करणाऱ्याकडून नवं रबर दाबून घ्यायचं.

मागचं उजवं चाक आतून माखलेलं असेल तर थर्मोस्टॅट, त्याचे सांधे आणि टाकी. इथे थोडी घाई करा, कारण मागच्या टायरवर ऑइल म्हणजे पावसातल्या पहिल्या वळणावर गाडी गरकन फिरणार. टाकीला बाहेरून गंज लागतो, चिखल साचतो त्या शिवणीपाशी. काळा रंग मारून झाकलेला गंज बोटाने दाबून बघा. पत्रा दबला तर उत्तर मिळालं.

आणि इंजिनखाली, उजव्या हीट एक्सचेंजरवर (एक्झॉस्टभोवतीच्या गरम हवेच्या डब्यावर) ऑइल पडून जळका वास, धूर येत असेल तर इंजिनवरच्या कूलरचा संशय घेता येतो, पण शेवटी. त्याच्या आधीचे संशयित बरेच आहेत. व्हॉल्व्ह कव्हरची गास्केट, ऑइल परत आणणाऱ्या नळ्यांच्या ओ-रिंग, आणि क्रँककेसच्या (इंजिनच्या मुख्य धडाच्या) माथ्यावरची ती कुप्रसिद्ध जागा, ज्याला ९११ वाले मृत्यूचा त्रिकोण म्हणतात: ऑइल प्रेशरचा स्विच, ब्रीदरच्या झाकणाची गास्केट आणि इंजिनवरच्या थर्मोस्टॅटची ओ-रिंग. तिन्ही वस्तू किरकोळ, पण इंजिन थोडं तरी खाली उतरवल्याशिवाय हात पोचत नाही. यातलं काहीही गळलं की ऑइल घरंगळत कूलरच्या अंगावर येतं, पंखा धूळ आणून त्यावर थापतो, आणि कूलरच सगळं ओकतोय असं दिसतं. बारीक कॅमेऱ्याने वरून बघा. कूलरच्या पाकळ्या वरच्या कडेपासून माखल्या असतील आणि माथाही ओला असेल तर दोष वर आहे. माथा कोरडा आणि कूलर क्रँककेसला टेकतो ती खालची बैठक ओली, तर मग कूलरची रबरी सील. काहीही निघालं तरी एकदा इंजिन खाली आलंच आहे तर या सगळ्या जागांची रबरं एकत्र बदलून टाका. पाकळ्यांत थापलेला चिखल धुवायला विसरू नका, त्याने इंजिन तापतं.

माझी गळती

माझ्या गाडीच्या आधीच्या मालकाने मूळचा वळणदार नळीचा कूलर काढून पंखा असलेला ॲल्युमिनियमचा कूलर बसवला होता. ही सुधारणा अनेक जण करतात आणि ती चांगलीच आहे. मूळचा कूलर वाहत्या ट्रॅफिकमध्ये कसाबसा पुरतो, अडकलेल्या ट्रॅफिकमध्ये काट्याकडे बघत बसावं लागतं.

पहिल्यांदा गळला तेव्हा कूलरच्या मानेपाशी, म्हणजे नळी जिथे जोडली जाते त्या तोंडाच्या बुडाशी, केसासारखी भेग निघाली. कूलर काढला, टिग वेल्डिंग करून घेतलं, बसवला. आठ महिने सुखाचे. मग पुन्हा तिथेच डाग. या वेळी वेल्डिंगवाल्याने मानेला छोटा आधाराचा तुकडाही जोडून दिला. पाच महिने. तिसऱ्यांदा भेग वेल्डिंगच्या कडेला, किंचित खाली निघाली. आमच्या फिटरचं म्हणणं कूलरचं ॲल्युमिनियम हलकं आहे, नवीन टाका. मी ऑर्डर देणारच होतो.

त्या दिवशी कूलर काढण्याआधी, चाक काढलेलं असताना, मी कमानीत डोकं घालून बसलो होतो. टॉर्च तोंडात. भेगेवर एक काळा थेंब आला होता, वाटाण्याएवढा. तोल सावरायला मी सहज खालच्या नळीवर हात टेकला आणि नळी बोटभर खाली गेली. थेंब एकदम फुगला आणि गळून पडला. हात काढला, नळी वर आली. पुन्हा दाबली, पुन्हा थेंब.

उंबऱ्यापासून कूलरपर्यंत ती नळी बॉडीला क्लॅम्पने धरलेली असायला हवी. माझ्याकडे पुढचे दोन्ही क्लॅम्प नव्हते. एकाच्या जागी फक्त बोल्टचं भोक, दुसऱ्याच्या जागी कुणीतरी बांधलेली आणि केव्हाच तुटलेली प्लास्टिकची पट्टी. ऑइलने भरलेल्या धातूच्या नळीचं सगळं वजन कूलरच्या मानेला लटकत होतं आणि प्रत्येक खड्ड्याला तिला हिसका देत होतं. कूलर स्वतः मात्र घट्ट, कारण त्याचे रबरी बुश दगड झाले होते. एक टोक जखडलेलं, दुसरं हलतंय, मग मधली मान तुटणार नाही तर काय? पहिलं वेल्डिंग तुटलं, दुसरं तुटलं, नवा कूलर आणला असता तर तोही तुटला असता.

आता कुणी “कूलर पुन्हा गळला” म्हणालं की मी आधी एकच गोष्ट विचारतो: नळी हाताने हलते का?

तुम्हीही कूलर सोडवण्याआधी, सगळं जागेवर असताना, हे करा. प्रत्येक नळी प्रत्येक सांध्याजवळ धरून वरखाली, डावीउजवी हलवा. दोन-चार मिलिमीटरची लवचीकता ठीक. त्याहून जास्त हलत असेल तर क्लॅम्प मोजा. मग नट थोडा सैल करून बघा. नळी आपल्या जागेवरून उसळून बाजूला गेली तर ती ओढून-ताणून बसवलेली होती, आणि तो ताण रात्रंदिवस मानेवर होता. नळी नुसत्या हाताने, नट न लावता, तोंडासमोर सरळ येऊन बसली पाहिजे. बसत नसेल तर ब्रॅकेट सरकवा किंवा नळी वाकवून घ्या. नटाच्या जोरावर ओढून आणू नका.

नट सोडवणं

या कामाचा खरा घाम इथे गाळावा लागतो. मोठ्या नळ्यांचे आटे ३० मिलिमीटरचे, १.५ पिचचे. नटाला ३६ चा पाना लागतो. असे दोन पाने हवेत, एक नटावर आणि दुसरा समोरच्या भागाच्या षट्कोनावर, उलट्या दिशेने धरून. एकाच पान्याने जोर लावला की नट फिरण्याऐवजी कूलरची मान पिळली जाते. बऱ्याच मानांना पहिली भेग कारखान्यात पडलेली नसते, अशाच एखाद्या दुपारी पडलेली असते.

थर्मोस्टॅटचं अंग ॲल्युमिनियमचं आणि त्यावर बसलेला नट पोलादी. चाळीस वर्षं पाणी, मीठ, चिखल. दोन्ही धातू एकमेकांना धरून बसतात. चार-पाच दिवस आधीपासून रोज भेदक तेल मारत राहा. गरम करायचं तर हीट गनने, आणि नट तापवा, थर्मोस्टॅट नाही. ऑइलने माखलेल्या जागेजवळ उघडी ज्योत नकोच. पाव वळसा फिरून नट पुन्हा कडक झाला तर तिथेच थांबा, मागे आणा, तेल मारा, पुन्हा थोडं पुढे. दामटून फिरवलात तर ॲल्युमिनियमचे आटे नटाबरोबर सोलून येतात.

एवढं करूनही नाहीच सुटला तर नट कापा. बारीक करवतीने किंवा छोट्या कटरने नटावर नळीच्या लांबीच्या दिशेने चीर पाडा, आट्यांना टेकण्याआधी थांबा, मग छिन्नी लावून एक टोला. नट उकलतो. त्या नादात नळी गेली तरी हरकत नाही, नळी बनवून घेता येते. थर्मोस्टॅटचे आटे गेले की डोक्याला हात लावायची वेळ येते.

दुरुस्ती

हे सांधे शंकूच्या बैठकीवर बंद होतात. धातू धातूवर टेकतो, आटे फक्त दाबून धरतात. त्यामुळे आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळून काहीही साधत नाही, उलट तिचे तुकडे तुटून ऑइलबरोबर फिरायला लागतात. शंकू नख फिरवून बघा. ओरखडा नखाला लागला तर तो सांधा कितीही आवळला तरी पाझरणार. जास्त आवळून ॲल्युमिनियमच्या शंकूवर गोल खाच पडली असेल तरी तेच. बैठक चांगली असेल तर ती पुसा, ऑइलचं बोट लावा, आट्यांना तांब्याचं अँटिसीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) किंचित लावा, हाताने शेवटपर्यंत फिरवा आणि मग दोन पाने.

कूलर काढलाच आहे तर फुटला आहे की नाही ते टबमध्ये तपासा. एक तोंड बंद, दुसऱ्यातून हवा, दीड-दोन बारच्या वर नको. कॉम्प्रेसरचा पूर्ण दाब सोडलात तर नसलेली गळतीही निर्माण होईल. पाणी गरम घ्या, कारण काही भेगा धातू तापल्यावरच तोंड उघडतात. आणि पाण्याखाली असतानाच मान हलकेच दाबून बघा. माझ्या कूलरने एरवी एक बुडबुडा सोडला नाही. मान दाबली आणि माळ लागली.

वेल्डिंग करायचं तर आतलं ऑइल पूर्ण निघालं पाहिजे. नुसतं पुसून चालत नाही, धातूच्या भेगेत मुरलेलं ऑइल वेल्डिंगच्या उष्णतेने बाहेर येतं आणि जोड सच्छिद्र होतो. सॉल्व्हंटने खळखळून, मग गरम साबणाच्या पाण्याने, मग पूर्ण वाळवून. एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या: क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने धुतलेला भाग वेल्डिंगला देऊ नका. वेल्डिंगच्या ठिणगीत त्याच्या वाफेपासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. मूळच्या पितळी कूलरला वेल्डिंगचा प्रश्न येत नाही, त्याला डाख देता येतो. इपॉक्सीचा लेप पुढच्या कूलरवर घरी पोचण्यापुरता चालेल. इंजिनवरच्या कूलरला तो लावणं म्हणजे इंजिनवर जुगार.

वाटेत पुढचा कूलर फुटला आणि हाताशी जोडायचं सामान असेल, तर कूलर बाजूला काढून दोन्ही नळ्या एकमेकींना जोडा, ऑइलची लेव्हल भरा आणि काट्यावर नजर ठेवून हळू चालवा. दोन्ही तोंडं बुचं मारून बंद करू नका. गरम झाल्यावर थर्मोस्टॅट ऑइल तिकडेच पाठवणार, आणि त्याला जायला वाट हवी.

बसवताना बुश नवे, क्लॅम्प सगळे, क्लॅम्पखाली रबर. माझे क्लॅम्प मी साध्या पोलादी पट्टीचे वाकवून केले, आत जुन्या नळीचं रबर कापून घातलं. दिसायला काही खास नाहीत.

भरणं आणि खात्री

कूलर आणि नळ्या रिकाम्या झाल्यात, म्हणजे ऑइल एका दमात भरता येणार नाही. आधी टाकीत भरा. मग इंजिन पेटू न देता स्टार्टरवर फिरवा. ३.२ मध्ये डीएमई रिले (इंजिनच्या कॉम्प्युटरला वीज देणारा) काढून, एससीमध्ये इग्निशनची जोडणी सोडून. प्रेशरचा काटा हलला की रिले परत लावा आणि सुरू करा. गरम होऊ द्या. थर्मोस्टॅट उघडला की पुढचा कूलर भरायला लागतो आणि टाकीतली लेव्हल खाली जाते. ती गळती नव्हे. चालू आयडलवर, सपाट जागी, अर्धा-अर्धा लिटर घालत लेव्हल आणा. चांगल्या इंजिनात गरम ऑइलवर दर हजार आरपीएमला साधारण एक बार प्रेशर दिसतं. आयडलला काटा बराच खाली बसला तर लगेच घाबरू नका.

मग पुन्हा पावडर, पुन्हा तीस मिनिटांची फेरी, पुन्हा पुठ्ठा. पहिल्या आठवड्यात सांधे एकदा हाताने हलवून बघा. आवळायची घाई करू नका. आवळून आवळूनच शंकू खराब होतात.

माझ्या कूलरवर ते तिसरं वेल्डिंग अजून आहे. नवा घेतलाच नाही. त्याला आता तीन वर्षं झाली, मान कोरडी आहे. दुरुस्तीनंतरच्या पहिल्या सकाळी पुठ्ठ्यावर एक थेंब दिसला तेव्हा मात्र पोटात गोळा आला होता. थेंब मागच्या उजव्या चाकाच्या मागे होता. टाकीच्या ड्रेन बोल्टला मी जुनाच वॉशर लावला होता.